श्वान पेशींचा आजार: चोपडा तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन दोन आठवडे झाले होते. जळगावात पारा ४४ च्या वर, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. रात्री दोनच्या सुमारास एक पिकअप गाडी आमच्या हॉस्पिटलच्या आवारात शिरली. एरवी केळीचे घड वाहणाऱ्या त्या गाडीत गादी टाकून एका माणसाला आडवं आणलं होतं. वय ३८, वजन ६०, शेती तापीकाठी, चोपडा तालुक्यात. सोबत बायको, धाकटा भाऊ आणि वडील. वडिलांना सगळे आप्पा म्हणत होते.

आप्पांनी गाडीतच निदान सांगून टाकलं होतं: अंगावरून वारं गेलं. भावाला वाटत होतं, मण्यार चावली असावी, कारण उन्हाळ्यात सगळे अंगणातच झोपतात. रुग्ण मात्र पूर्ण शुद्धीवर होता. त्याला विचारलं, दादा, काय होतंय? तो म्हणाला, "साहेब, पाय मना शेत, पन मनं आयकतस नही." (पाय माझेच आहेत, पण माझं ऐकत नाहीत.)

इतकी नेमकी तक्रार फार कमी वेळा कानावर येते.

हकीकत

चार दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर तळपायांना मुंग्या आल्या होत्या. त्याने फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बागेत ठिबकच्या नळ्या बघत चार-सहा ओळी पुढे गेल्यावर कळलं की उजव्या पायात चप्पलच नाही. ती कधी सुटली, पत्ता नाही. मागे जाऊन पाहिलं तर ओल्या मातीत रुतलेली सापडली. त्याच दुपारी घड खांद्यावर घेताना गुडघा वाकला. तिसऱ्या दिवशी कंबर ठणकायला लागली आणि बसल्यावर उठता येईना. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून बी-१२ चं इंजेक्शन दिलं, उन्हाचा थकवा आहे म्हणाले. मी त्यांना दोष देणार नाही. मे महिन्यात असे दहा जण येतात आणि त्यातल्या नऊ जणांना थकवाच असतो. चौथ्या दिवशी हातातला पेला थरथरायला लागला, तेव्हा गाडी काढली.

जुलाबांचं त्यांनी आपणहून सांगितलं नाही, मला खोदून विचारावं लागलं. आखाजीच्या आदल्या आठवड्यात भाऊबंदात लग्न होतं. जेवणानंतर बऱ्याच जणांची पोटं बिघडली. याला तीन दिवस जुलाब झाले आणि बरेही झाले. म्हणजे जुलाब आणि मुंग्या यांच्यात साधारण दोन आठवड्यांचं अंतर. हे ऐकल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो.

तपासणी: बिघाड नेमका कुठे?

पायांतली ताकद निम्म्यावर, दोन्हीकडे सारखीच. पावलं वर उचलता येत नव्हती. हात थोडे अशक्त. लघवीचा ताबा शाबूत. छाती-पोटावर अमुक रेषेखाली बधिर, असं काही नाही. डोळ्यांच्या पापण्या नीट उघडत होत्या, बाहुल्या नेहमीसारख्या. घोट्यामागच्या जाड शिरेवर, टाचेच्या वर, हातोडी मारली: पाय हललाच नाही. गुडघ्यावर मारली: काही नाही. कोपरात जरा झटका आल्यासारखं वाटलं, तेही माझं समाधान असेल.

इथे चेतापेशीची रचना डोळ्यांसमोर असली की अर्धं काम होतं. पावलाचा स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर कमरेच्या वर, पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या शेवटच्या भागात असतं. ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. त्याला फुटलेल्या बारीक फांद्या म्हणजे वृक्षिका; मेंदूकडून आणि शेजारच्या पेशींकडून आलेले निरोप त्या घेतात. आणि एक लांब शेपूट, अक्षतंतू, जो थेट पावलापर्यंत जातो. प्रौढ माणसात सुमारे १ मीटर. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीला हातभर नव्हे, दोन हात लांब शेपूट! टोकाला लागणारी प्रथिनंही कण्यातच तयार होऊन या शेपटातून वाहत जातात. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे कमरेतून निघालेला माल पावलात पोचायला अडीच दिवस तरी हवेतच.

या रस्त्यावर बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो, आणि आमच्या भागातल्या डॉक्टराला तिन्ही ओळखता आली पाहिजेत. पेशीच्या मुख्य शरीरावर घाला पडला तर पोलिओ. पण पोलिओत ताप असतो आणि एक पाय जातो, दुसरा राहतो. शिवाय २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण नाही. टोकाला, जिथे अक्षतंतू स्नायूला भेटतो त्या संपर्कस्थानी घाला पडला तर मण्यार. तिचं विष तंतूची टोकंच निकामी करतं, निरोप स्नायूपर्यंत जातच नाही. पण मण्यारीचा लकवा डोळ्यांपासून सुरू होतो: आधी पापण्या जड, मग गिळणं, मग श्वास. इथे सगळं उलटं, पायांकडून वर चाललेलं. भावाला तेवढं सांगितलं तर तो पुष्कळ शांत झाला. फवारणीच्या औषधाची विषबाधाही त्याच संपर्कस्थानी घोटाळा करते, पण तिच्यात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि घाम-लाळ थांबत नाही. रक्तातलं पोटॅशियम फार घटलं तरी हातपाय लुळे पडतात, पण ते ४.१, म्हणजे नॉर्मल आलं, तीही शंका मिटली.

राहिला मधला रस्ता, म्हणजे अक्षतंतू आणि त्याचं वेष्टण.

वेष्टण

नर्सिंगच्या मुलींना हा भाग शिकवताना मी फळ्यावर चित्र काढत नाही. घड उतरवल्यावर शेतकरी केळीचं खोड विळ्याने आडवं कापतो. तो काप मी आणतो आणि टेबलावर ठेवतो. केळीचं खोड खरं तर खोडच नव्हे. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून ते झालेलं असतं, आणि घड घेऊन येणारा दांडा त्या गुंडाळीच्या मधोमध वर चढतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायलिनचं आवरण असलेला चेतातंतू कापून पाहिला तर जवळजवळ हेच दिसतं: मधे अक्षतंतू, भोवती वेटोळ्यावर वेटोळं. फरक एवढाच की केळीत प्रत्येक थर वेगळ्या पानाचा असतो आणि चेतातंतूत सगळी वेटोळी एकाच पेशीची. ती पेशी तंतूभोवती फिरत-फिरत स्वतःचाच पातळ पदर गुंडाळत जाते. मेदाने भरलेला हा पदर विजेला रोखून धरतो.

या पेशीला श्वान पेशी म्हणतात. मुली दरवर्षी हसतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये तिचं वर्णन केलं, कुत्र्याशी तिचा संबंध नाही. (तिचा इमानीपणा पाहता असता तरी चाललं असतं.)

एक श्वान पेशी एकाच तंतूचा, जाड तंतू असेल तर सुमारे १ मिलिमीटर लांबीचा तुकडा सांभाळते. त्यानंतर एक अतिशय अरुंद उघडी फट, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, आणि मग पुढची श्वान पेशी. म्हणजे कमरेपासून पावलापर्यंतच्या एका तंतूवर हजाराच्या आसपास श्वान पेशी ओळीने बसलेल्या. या उघड्या फटींना फ्रेंच शास्त्रज्ञ राँव्हिए यांचं नाव आहे. सोडियमची दारं तिथेच दाटीने असतात. विश्रांतीत तंतूच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. आवेग आला की एका फटीवरची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, दाब पालटतो. तो पालट वेष्टणाखालून क्षणात पुढच्या फटीवर जातो आणि तिथली दारं उघडतो. असा आवेग फटीवरून फटीवर उड्या मारत जातो, म्हणून जाड तंतूत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाऊ शकतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत हाच आवेग सेकंदाला जेमतेम १ मीटर सरकतो. ठेच लागल्यावर आधी ‘लागलं’ कळतं आणि मग जरा दमाने कळ येते, ती या दोन वेगांमुळे.

विहिरीवरच्या मोटारीची केबल आणि तिचं रबर, असा दाखला नातेवाइकांना पटकन पटतो आणि मीही देतो. पण तो अर्धाच खरा आहे. केबलचं रबर निर्जीव असतं. श्वान पेशी जिवंत असते, तंतूला खाऊ घालते, जखम झाली तर साफसफाई करते, नव्याने वाढणाऱ्या तंतूला वाट दाखवते.

आता हातोडीकडे परत येऊ. टाचेवर ठोका बसला की स्नायू ताणला जातो, शेकडो तंतूंमधून निरोप एकदमच कण्यात पोचतो आणि तिथूनच उलट हुकूम सुटतो; पस्तीसेक सहस्रांश सेकंदात पाय झटका देतो. यातला ‘एकदम’ फार महत्त्वाचा. चिखलात रुतलेली गाडी चार जणांनी एकाच वेळी रेटली तरच निघते. काही तंतूंचं वेष्टण सोललं गेलं की कुठे निरोप रेंगाळतो, कुठे अडतो. ताकद अजून थोडी शिल्लक असते, पण एकदम येणं संपलेलं असतं. म्हणून ताकद पुरती जायच्या आधीच झटका जातो. पाय अर्धे चालताहेत आणि हातोडीला मुळीच उत्तर नाही, या जोडीवरून मी रात्रीच कागदावर लिहिलं: गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस.

नाव ऐकल्यावर

जीबीएस म्हटल्याबरोबर भावाचा चेहरा उतरला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव या भागात रुग्ण सापडले होते आणि रोज बातम्या येत होत्या. ‘पुण्याचा आजार आमच्याकडे आला का?’ हा पहिला प्रश्न. आजार जुनाच आहे. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांवरून त्याचं वर्णन केलं. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो आधीचा जंतुसंसर्ग, आणि पोट बिघडलेल्या अनेकांतल्या एखाद्यालाच पुढे हे होतं. पुण्यातल्या नमुन्यांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू यासाठी बदनाम आहे. त्याच्या बाहेरच्या कवचावरची साखरेची रचना आपल्या चेतातंतूवरच्या काही रेणूंशी मिळतीजुळती असते. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडं मग घरच्यावरच उलटतात. आजाराच्या एका प्रकारात मार थेट अक्षतंतूवर बसतो. दुसऱ्यात तो वेष्टणावर बसतो: भक्षक पेशी श्वान पेशीच्या पदरात शिरतात आणि थर सोलून काढतात, आतला दांडा बहुधा तसाच राहतो. आमच्या रुग्णाचा प्रकार यातला कोणता, हे त्या रात्री सांगता येत नव्हतं. त्याची शौचाची तपासणी केली तोवर जुलाब थांबून दोन आठवडे उलटले होते, तीत काही मिळालं नाही.

उशी

इथे माझी चूक आहे, ती लिहितो.

रात्री मी त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावले. तो ३१ पर्यंत गेला. बरं आहे म्हणून मी कागदावर ‘सकाळी पुन्हा मोजणे’ लिहिलं. लिहायला हवं होतं ‘दर दोन तासांनी’. सकाळी नऊला वॉर्डात आलो तेव्हा नोंदवहीत ऑक्सिजन ९७, नाडी ठीक, स्थिर. बोटाला लावायचं ते यंत्र या आजारात फसवतं: श्वासाचे स्नायू थकत जातात, पण ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहतो.

बायको पायाशी उभी होती. मी विचारलं, वहिनी, रात्र कशी गेली? ती म्हणाली, झोपले नीट, पण पहाटेपासून उशी मलाच सरकवावी लागते, यांना डोकं वर घेता येत नाही.

मान पुढे उचलणारे स्नायू आणि श्वासपटल यांच्या चेता मज्जारज्जूत शेजारी-शेजारीच निघतात, मानेतून. मान पडली की श्वास मागोमाग येतो. मी लगेच पुन्हा मोजायला लावलं: १७. फुंकायच्या यंत्रावर फुप्फुसाची क्षमता १२०० मिलिलिटर, म्हणजे त्याच्या वजनाला अगदी उंबरठ्यावरची. त्याला ताबडतोब अतिदक्षता विभागात हलवलं. संध्याकाळी १२ आकडे आणि ९०० मिलिलिटर. घाईगडबड व्हायच्या आधीच, शांतपणे, नळी घालून व्हेंटिलेटर लावला. त्या उशीबद्दल ती बोलली नसती तर हेच काम मध्यरात्री धावपळीत झालं असतं, किंवा झालंच नसतं.

पाठीतलं पाणी आणि एक वाद

त्या सकाळीच कमरेतून, मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढलं होतं. जीबीएसमध्ये त्यात पेशी वाढत नाहीत, प्रथिन वाढतं. १९१६ चं मूळ निरीक्षण हेच. आमच्या अहवालात पेशी ३ आणि प्रथिन ३८. दोन्ही नॉर्मल. सोबतच्या तरुण डॉक्टरने म्हटलं, सर, मग हे जीबीएस नाही. पुस्तक त्याच्या बाजूने होतं, वेळ नव्हती. पहिल्या आठवड्यात प्रथिन नॉर्मल असणं अगदी सामान्य आहे. चेतांची मुळं सुजून प्रथिन पाझरायला दिवस जातात. मी थांबलो नाही. दुपारीच इम्युनोग्लोब्युलिन सुरू केलं: वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅम, म्हणजे २४ ग्रॅम, पाच दिवस. एकूण १२० ग्रॅम. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं हे औषध, खर्च लाखांत. भावाने केळी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि दुसरीकडे योजनेचे कागद फिरवायला सुरुवात केली.

रोज कुणी ना कुणी विचारायचं, स्टेरॉईड का देत नाही? स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटली असेल तर स्टेरॉईडने ती दबायला हवी, हा तर्क चुकीचा वाटत नाही. पण प्रत्यक्ष तुलना करून पाहिली तेव्हा एकट्या स्टेरॉईडचा या आजारात उपयोग झाला नाही. प्लाझ्मा बदलणं आणि इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही सारखीच कामाची. आमच्याकडे दुसरं लवकर हाती आलं, म्हणून ते.

खोक्याचा पुठ्ठा

पुढचे तेरा दिवस तो नळीवर होता. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या, हातपाय निपचित, रक्तदाब सकाळी १९० तर दुपारी ८०, कारण हृदयाकडे जाणाऱ्या चेताही सुटल्या नव्हत्या. आप्पा काचेतून बघायचे आणि विचारायचे, पोराचं डोकं तर ठीक आहे ना?

डोकं पूर्ण ठीक होतं, आणि याचं कारणही आधार देणाऱ्या पेशींतच आहे. मेंदू आणि मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथलं मायलिन ऑलिगोडेंड्रोसाईट नावाची वेगळी पेशी बनवते. ती एकावेळी अनेक तंतूंना हात घालून तुकडे-तुकडे गुंडाळते आणि तिच्या वेष्टणातली प्रथिनं वेगळी असतात. श्वान पेशींवर चालून आलेल्या फौजेला ती ओळखीची वाटत नाही. मेंदूत आणखीही मदतनीस असतात: ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाईट संपर्कस्थानांवर सांडलेली रसायनं उचलतात, मायक्रोग्लिया राखण करतात. मराठी पाठ्यपुस्तकं या सगळ्यांना चेताश्लेष्म म्हणतात. हे नाव विर्शो या जर्मन वैद्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या समजुतीवरून आलंय: चेतापेशींना चिकटवून ठेवणारा गोंद. इतक्या उद्योगी पेशींना गोंद म्हणणं मला नेहमीच खटकतं.

तर डोकं ठीक, पण बोलायचं कसं? त्याचे डोळे फिरत होते. वर बघितलं की हो. त्याच्या मुलाने केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर बाराखडी लिहिली आणि तो एकेका अक्षरावर बोट ठेवायला लागला. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दोन अक्षरं जमली: पाणी. नर्सने ओठ ओले केले. त्याने नजर दुसरीकडे वळवली, नाराज. पुन्हा पुठ्ठा. आता ‘मो’. मग ‘टा’. मुलगा ओरडलाच, मोटार! बागेला पाणी लागतंय का, वीज रात्रीची आहे का, मोटार कोण सुरू करतं, हे त्याला हवं होतं. ४४ अंशांत निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली बाग चार दिवस कोरडी राहिली तर वर्ष गेलं. भावाने मोबाईलवर वाहत्या ठिबकचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा कुठे त्याची नाडी ११० वरून ९० वर आली. हे मी मॉनिटरवर पाहिलंय.

दहाव्या दिवशी पलंगाजवळच चेतांचा वेग मोजला. पायातल्या स्नायूंच्या चेतेत सेकंदाला २८ मीटर. ४० च्या वर असायला हवा होता. मध्येच आवेग अडत होता. पण स्नायूचं उत्तर, उशिरा आलं तरी, येत होतं. म्हणजे मार वेष्टणावर होता, दांडा बऱ्यापैकी शाबूत. त्या दिवशी मी पहिल्यांदा घरच्यांना म्हटलं, चालेल.

पीलबाग

अक्षतंतूच तुटला तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचा हिशेब कुणीही करावा. वेष्टणाचं तसं नाही. सोललेल्या जागी श्वान पेशी आधी कचरा साफ करतात, मग विभागून वाढतात आणि पुन्हा गुंडाळायला लागतात. आठवड्यांत, महिन्यांत काम होतं. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे कंद जिवंत आहे, पील येईल. मुख्य झाड काढल्यावर त्याच कंदाच्या पिलांवर घेतात ती पीलबाग. दाखला माझ्या केबलपेक्षा चांगला होता.

नवं वेष्टण मात्र जुन्यासारखं होत नाही. तुकडे आखूड, थर पातळ. आवेग पोचतो, पण जरा सावकाश.

गळ्याला छिद्र पाडायची तयारी करून ठेवली होती, तेवढ्यात श्वास परतायला लागला आणि नळी निघाली. आधी खांदे, मग हात, मग मांड्या. पावलं सगळ्यात शेवटी, ज्या क्रमाने गेले त्याच्या उलट. ३४ व्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून घरी गेला. पावलं लोंबत होती, त्यांना प्लास्टिकची पट्टी दिली. पोळ्याला काठीवर चालत होता. दिवाळीनंतर काठी सुटली, घड मात्र भाऊच उचलत होता.

दहा महिन्यांनी तपासणीला आला. ताकद जवळजवळ पूर्ण. टेबलावर झोपवून टाचेवर हातोडी मारली. पाय हलला नाही. त्याने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "आजून नही का?" मी म्हटलं, कदाचित कधीच येणार नाही, त्याने काही अडत नाही. तो उठून टेबलावरून पाय खाली सोडून बसला. बोलता बोलताच, खाली न बघता, उजव्या अंगठ्याने चप्पल चाचपली, ओढली आणि घातली.